बिर्गित्ता : एका स्वीडिश नावाची वंशावळ

स्वीडनमधील स्त्रियांची पारंपरिक नावे म्हटली की इंग्रिड, आस्त्रिद, सिग्रिद, गुनिल्ला आणि बिर्गित्ता ही नावे हमखास पुढे येतात. यांतली पहिली चार नावे अस्सल उत्तरेकडची आहेत. आस्त्रिदमध्ये देव आणि सुंदर, सिग्रिदमध्ये विजय आणि सुंदर असे जुन्या नॉर्स भाषेतले शब्द जोडलेले आहेत, इंग्रिडमध्ये इंग नावाचा जुना देव बसलेला आहे, आणि गुनिल्ला हे ज्या गुनहिल्ड नावाचे धाकटे रूप आहे, त्याच्या दोन्ही तुकड्यांचा अर्थ युद्ध असाच होतो. बिर्गित्ताचे मात्र तसे नाही. स्वीडनच्या सर्वांत प्रसिद्ध संत स्त्रीचे हे नाव, ज्यावाचून स्वीडिश नावांची कोणतीही यादी पुरी होत नाही, ते मुळात स्वीडिश नव्हेच. ते आयर्लंडहून लॅटिनच्या खांद्यावर बसून तेथे गेले, आणि त्याचे मूळ शोधत मागे गेले तर वाटेत आपल्याला संस्कृत भेटते.

माझा या नावाशी संबंध आला तो धंद्यामुळे. मी पणजीत पोर्तुगीज काळातील दस्तऐवजांची भाषांतरे करून देते. जन्माच्या नोंदी, बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचे करार, वाटणीपत्रे असे कागद माझ्या मेजावर रोज येतात आणि त्यांत ब्रीजिदा हे नाव अधूनमधून डोकावते. ते कधी 'जी' अक्षराने लिहिलेले असते, कधी 'झेड'ने, आणि एकाच बाईच्या जन्माच्या, लग्नाच्या व मृत्यूच्या कागदांवर ते एकसारखे असेलच याची शाश्वती नसते. आजच्या पासपोर्टवर तेच ब्रिजेट झालेले असते. ही सगळी रूपे एकाच नावाची आहेत हे पटवून द्यायचे तर नावाचे घराणे ठाऊक असावे लागते. त्या निमित्ताने वाचत गेले आणि ब्रीजिदापासून निघून बिर्गित्तापर्यंत पोहोचले.

आधी मूळ पाहू. प्राचीन केल्टिक लोकांच्या भाषेत 'ब्रिगन्ती' असा एक शब्द होता असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. त्याचा अर्थ 'उंच असलेली', 'थोर', 'उन्नत'. इंग्लंडच्या उत्तर भागात रोमन काळी ब्रिगान्तेस नावाची जमात राहत होती आणि तिच्या प्रदेशात ब्रिगान्तिया नावाच्या देवीची पूजा होत असे. रोमन सैनिकांनी तिच्या नावे कोरून ठेवलेले शिलालेख आजही उपलब्ध आहेत. ऑस्ट्रियातील ब्रेगेन्झ शहराचे जुने नावही ब्रिगान्तियुम असेच होते. हाच ब्रिगन्ती शब्द आयर्लंडमध्ये झिजत झिजत 'ब्रिगित' झाला.

आता या ब्रिगन्तीच्या शेजारी संस्कृतमधील 'बृहती' ठेवून पाहावी. बृहत् या विशेषणाचे हे स्त्रीलिंगी रूप. अर्थ तोच : मोठी, उंच, थोर. ही गाठ केवळ कानाला जुळते म्हणून मारलेली नाही. संस्कृत आणि युरोपातल्या बहुतेक भाषा जिच्यापासून निघाल्या त्या मूळ भारोपीय भाषेतल्या एका धातूपासून दोन्ही शब्द निघाले आहेत आणि त्यांच्यातला प्रत्येक वर्ण नियमाने जुळतो. मूळ धातूत सुरुवातीला भ आणि शेवटी घ-सारखा वर्ण असे दोन महाप्राण होते. संस्कृतात असे दोन महाप्राण पाठोपाठ आले की पहिल्याचा अल्पप्राण होतो, म्हणून भ-चा ब झाला आणि शेवटच्या घ-चा ह उरला. हा नियम हेर्मान ग्रासमान या जर्मन पंडिताने १८६३ साली मांडला. हा गृहस्थ खरे तर गणिती होता, आणि ऋग्वेदाचा कोश त्याने नंतर तयार केला. केल्टिक भाषांनी महाप्राणांची कटकटच ठेवली नाही. भ-चा ब आणि घ-चा ग करून त्या मोकळ्या झाल्या. मधला ऋ त्यांच्याकडे 'रि' झाला. आपण मराठी माणसे बृहत् हा शब्द 'ब्रुहत्' असा उच्चारतो, उत्तर हिंदुस्थानात तो 'ब्रिहत्' असा उच्चारतात. या एका बाबतीत आयरिश मंडळी काशीच्या पंडितांच्या बाजूची आहेत म्हणायची. बृहतीमधली 'ती' आणि ब्रिगितमधला शेवटचा 'त' हाही एकच प्रत्यय आहे, भगवती आणि सरस्वती या नावांच्या शेवटी येतो तोच.

आपल्या घरात हा शब्द आपण इतका वापरतो की तो दिसेनासा झाला आहे. बृहन्मुंबई, बृहन्महाराष्ट्र, बृहदारण्यक ही त्याचीच प्रजा. बृहती या नावाचा छत्तीस अक्षरांचा वैदिक छंद आहे. आयुर्वेदाच्या दशमुळांत बृहती येते, ती म्हणजे आपली डोरली : पानांवरसुद्धा काटे असलेले, जांभळ्या फुलांचे आणि पिवळ्या बोरांएवढ्या फळांचे झुडूप. इराणमधील आल्बोर्झ पर्वताच्या नावातही पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातली 'बेरेझैती', म्हणजे तीच उंच असलेली, दडलेली आहे. जर्मन भाषेत डोंगराला 'बेर्ग' आणि गढीला 'बुर्ग' म्हणतात तीही याच गोतावळ्यातली. आणि ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातील ८०व्या सूक्तात उषेला बृहती असे म्हटले आहे, ते तर फारच महत्त्वाचे, कारण आयर्लंडच्या ब्रिगितला काही अभ्यासकांनी नेमके उषेशीच ताडून पाहिले आहे.

इथे थोडे विषयांतर करते, कारण इंटरनेटवर बाळांच्या नावांच्या ज्या याद्या असतात त्यांत या नावाचा अर्थ 'शक्ती' किंवा 'अग्निबाण' असा दिलेला आढळतो. 'शक्ती' हा अर्थ आयरिश भाषेतल्या 'ब्रीग' या जवळच्या दिसणाऱ्या शब्दावरून आला. 'अग्निबाण' ही मध्ययुगीन आयरिश कोशकारांची करामत आहे. त्यांनी नावाचे दोन तुकडे पाडून एकात आग आणि दुसऱ्यात बाण शोधला. ही तऱ्हा आपल्याला अपरिचित नाही. यास्काचे निरुक्त, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा प्राचीन ग्रंथ, चाळले तर एका शब्दाच्या तीन-तीन, चार-चार व्युत्पत्ती शेजारी शेजारी मांडलेल्या सापडतात आणि त्यांतली कोणती खरी याची यास्काला फारशी फिकीर नसते, कारण त्याला शब्दातून देवतेचे स्वरूप उलगडून दाखवायचे असते. आयरिश पंडितांचेही तेच. त्यांच्या देवीचा अग्नीशी संबंध होताच, तो त्यांनी नावात वाचला. श्रद्धा म्हणून हे ठीक आहे. मुलीचे नाव ठेवताना अर्थ म्हणून वहीत लिहायचा असेल तर मात्र 'उन्नत' हाच लिहावा.

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी ब्रिगित ही आयर्लंडमध्ये देवी होती. सुमारे इसवी सन ९००च्या एका जुन्या आयरिश शब्दकोशात तिला कवींनी पूजलेली देवी म्हटले असून तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची आणि एक लोहारकामाची, अशी तिहेरी मांडणी केली आहे. पाचव्या-सहाव्या शतकांत किल्डेअर येथे मठ स्थापन करणारी संत ब्रिगित होऊन गेली, आणि देवीचे पुष्कळसे लेणे या संतिणीच्या अंगावर चढले. तिचा सण १ फेब्रुवारीला, म्हणजे केल्टिक पंचांगातल्या वसंतारंभाच्या दिवशी येतो. बाराव्या शतकात एका प्रवाशाने लिहून ठेवले आहे की किल्डेअरला एकोणीस जोगिणी आळीपाळीने एक अखंड अग्नी राखत आणि विसाव्या रात्री तो राखायचे काम संतिणीवरच सोपवून देत. तिच्या चरित्रात म्हटले आहे की भिजलेला झगा तिने सूर्यकिरणावर वाळत घातला. आणखी एका कथेत ती पहाटे सूर्योदयाच्या वेळी जन्मली, तीही घरात नाही आणि बाहेरही नाही, तर उंबरठ्यावर. नृसिंहाची कथा ऐकत वाढलेल्या माणसाला उंबरठ्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

आयर्लंडने २०२३ पासून तिच्या नावाची सार्वजनिक सुट्टी सुरू केली. लिस्बनजवळच्या लुमियार या गावातील, आता शहरातच सामावलेल्या, चर्चमध्ये याच संत ब्रिगितचे शिर अवशेष म्हणून जपलेले आहे. तीन आयरिश सरदारांनी ते पोर्तुगालचा राजा दिनीश याच्या कारकिर्दीत तेथे आणले अशी परंपरा आहे. गुराढोरांची ती रक्षणकर्ती, म्हणून तिच्या सणाला तेथे गुरांना आशीर्वाद देण्याची प्रथा होती. पोर्तुगालमध्ये ब्रीजिदा हे नाव रुजण्यामागे या संतिणीचा मोठा वाटा आहे, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल.

लॅटिन भाषेत नाव झाले 'ब्रिगिदा' किंवा 'ब्रिगित्ता', आणि चर्चच्या पंचांगातून ते उत्तरेकडे गेले. स्वीडिश जिभेवर 'ब्रि'चा 'बिर्' झाला. आपण नुकसानाला नुस्कान म्हणतो आणि लखनौला नखलौ म्हणतो, त्यातलाच हा वर्णविपर्यय. पण ही उलटापालट होण्याला एक कारणही असावे. स्वीडनमध्ये बिर्येर हे पुरुषाचे नाव आधीपासून प्रचलित होते. लिहिताना त्यात ग असतो, उच्चारताना त्याचा य होतो. त्याचा अर्थ 'साहाय्य करणारा', 'राखणारा', आणि त्याचा धातू निराळा. 'बिर्' ही सुरुवात तेथल्या कानाला ओळखीची होती, त्यामुळे परके ब्रिगित्ता त्या साच्यात बसले. आज कितीतरी स्वीडिश लोकांनाही बिर्गित्ता म्हणजे बिर्येर या नावाचे स्त्रीरूप असे वाटते. पण बिर्येरमधला ग मऊ पडून य झाला आणि बिर्गित्तामधला ग आजही खणखणीत ग राहिला आहे, त्यावरून ही दोन नावे एका घरची नाहीत हे उच्चारातच कळते.

हा गैरसमज पक्का व्हायला एक घरगुती योगायोग कारणीभूत झाला. हे नाव ज्या स्त्रीने स्वीडिश करून टाकले तिच्या वडिलांचेच नाव बिर्येर होते. बिर्येर पेर्सोन हे उप्लांड प्रांताचे न्यायप्रमुख, १२९६ साली लिहून काढलेल्या उप्लांडच्या कायद्याच्या कामात त्यांचा पुढाकार होता, आणि घराणे राजकुळाशी नात्याने जोडलेले होते. त्यांच्या घरी सुमारे १३०३ साली जन्मलेली मुलगी बिर्गित्ता बिर्येर्सदोत्तेर, म्हणजे बिर्येरची मुलगी बिर्गित्ता. आडनाव नव्हते; मुलीच्या नावामागे बापाचे नाव आणि 'दोत्तेर', मुलाच्या नावामागे 'सोन', एवढीच ओळख. तेराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न उल्फ गुडमार्सोन याच्याशी झाले. तिला आठ मुले झाली. ती राणीची सखी म्हणून दरबारात राहिली, नवऱ्याबरोबर स्पेनमधल्या सांतियागोची यात्रा करून आली, आणि १३४४ साली नवरा वारल्यावर तिच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू झाला.

त्या दुसऱ्या भागात तिने राजांना खडसावले, त्या काळी फ्रान्समधल्या आविन्योत राहणाऱ्या पोपना रोमला परत येण्यासाठी पत्रे धाडली, आणि आपल्याला होणाऱ्या दर्शनांचे वर्णन सांगून लिहवून घेतले. वेट्टर्न सरोवराच्या काठी वाडस्टेना येथे राजाने दिलेल्या जागेत जोगिणींचा नवा पंथ स्थापन करायचा होता. त्याच्या मंजुरीसाठी १३४९ मध्ये ती रोमला निघाली आणि उरलेले आयुष्य बहुतांशी तेथेच राहिली. मंजुरी १३७० साली मिळाली. २३ जुलै १३७३ रोजी रोममध्येच तिचे निधन झाले. तिच्या अस्थी वाडस्टेनाला नेण्यात आल्या, आणि ७ ऑक्टोबर १३९१ रोजी तिला संतपद देण्यात आले. १९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला युरोपच्या रक्षणकर्त्या संतांमध्ये स्थान दिले. एवढे सगळे वाचताना मला बाईच्या चिकाटीचे कौतुक वाटते ते वेगळ्याच गोष्टीसाठी : चौदाव्या शतकात आठ मुलांची आई असलेली एक विधवा पोपला सांगते की तुम्ही चुकीच्या गावी बसला आहात, आणि लोक ते ऐकून घेतात.

तिच्या एका दर्शनाचे चिन्ह तर गोव्यात दर वर्षी डिसेंबरात घरोघर मांडले जाते, आणि मांडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ते ठाऊक असते. १३७२ साली ती बेथलेहेमला गेली असताना तिला येशूजन्माचे दृश्य दिसले. त्यात मरिया पांढऱ्या वस्त्रात, केस मोकळे सोडून, गुडघे टेकून प्रार्थना करते आहे, बाळ जमिनीवर आहे आणि त्याच्या अंगातून निघणाऱ्या प्रकाशापुढे योसेफने आणलेली मेणबत्ती फिकी पडली आहे. त्याआधीच्या चित्रांत मरिया बाळंतिणीसारखी बिछान्यावर पडलेली दाखवण्याची रीत होती. बिर्गित्ताच्या वर्णनानंतर ती मागे पडली आणि गुडघे टेकलेली आई व जमिनीवरचे उजळ बाळ ही मांडणी युरोपभर पसरली. आमच्या वाड्यावर नाताळात जो गोठा करतात, त्यात नाचणी पेरून उगवलेली हिरवळ असते, गवताचे छप्पर असते, एखाद्या वर्षी हौशी पोरांनी केलेला पाण्याचा धबधबाही असतो. पण मध्यभागी मरिया मात्र हात जोडून गुडघे टेकूनच असते. तेवढी एक गोष्ट कुणी बदलत नाही.

स्वीडनमध्ये सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली, देश लुथरपंथी झाला, संतांची पूजा बंद पडली आणि १५९५ साली वाडस्टेनाच्या शेवटच्या जोगिणींना मठ सोडावा लागला. संतपूजा गेली म्हणजे संताचे नावही जाईल असे वाटते, पण तसे झाले नाही. शेतकऱ्यांच्या घरांत ते ब्रिता आणि ब्रित्ता या आखूड रूपांत नांदत राहिले. गंमत अशी की या आखूड रूपांत 'बिर्' पुन्हा सरळ होऊन 'ब्रि' झाला, म्हणजे नाव नकळत मूळच्या वळणावर गेले. मग ब्रित्त-मारी, माय-ब्रित्त, आन्ना-ब्रिता अशी जोडनावे आली. नॉर्वेत बेरित झाले, डेन्मार्कमध्ये बिर्गिते, फिनलंडमध्ये पिरित्ता आणि पिर्को. एस्टोनियाची राजधानी ताल्लिन येथे एका अख्ख्या उपनगराचे नाव पिरिता आहे. तेथे बिर्गित्ताच्या पंथाचा मठ होता, त्याच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत.

पूर्ण बिर्गित्ता हे रूप सर्रास दिसू लागले ते विसाव्या शतकात. साधारण १९३० ते १९५०च्या दशकांत जन्मलेल्या स्वीडिश स्त्रियांमध्ये ते फार आढळते. १९३७ साली जन्मलेल्या राजकन्येचे, म्हणजे आजच्या राजाच्या बहिणीचे, नाव बिर्गित्ताच होते. प्रसिद्ध ऑपेरा गायिका बिर्गित निल्सोन (१९१८–२००५) हिचे नाव त्याचेच भावंड. स्वीडनमध्ये एका मुलीला दोन-तीन नावे ठेवतात आणि त्यांतले एक हाक मारायचे असते. बिर्गित्ता हे हाक मारायचे नसले तरी मधले नाव म्हणून पुष्कळ वेळा असतेच. आता नव्या मुलींना ते क्वचित ठेवतात, ते आजीच्या पिढीचे नाव झाले आहे. आपल्याकडे सुमन, कुसुम, शालिनी यांचे झाले तसेच.

स्वीडिश पंचांगात वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक दिवसाला एक किंवा दोन नावे नेमलेली असतात. ज्या दिवशी आपले नाव येईल तो आपला नामदिन. वाढदिवसाएवढा नव्हे, पण केकचा तुकडा किंवा एखादे फूल मिळण्याइतका तो साजरा होतो. बिर्गित्ता आणि ब्रित्ता यांचा नामदिन ७ ऑक्टोबरला येतो. ही तारीख संतपद मिळाल्याच्या तारखेशी जुळते. म्हणजे ज्या देशाने संतपूजा सोडली, त्या देशाच्या भिंतीवरच्या पंचांगात संतिणीचा दिवस शाबूत राहिला.

या तारखा मला कामाच्या वाटतात त्या इथल्या कागदांसाठी. पोर्तुगालमध्ये दोन्ही ब्रीजिदा ठाऊक होत्या. आयरिश संतिणीचे शिर लुमियारमध्ये होते, आणि स्वीडिश संतिणीच्या पंथाच्या, इंग्लंडमधून परागंदा झालेल्या जोगिणी १५९४ पासून १८६१ पर्यंत लिस्बनमध्ये राहत होत्या. म्हणजे लिस्बनहून गोव्याला गलबते येत होती त्या काळात दोघींची भक्ती त्या शहरात चालू होती आणि पोर्तुगीज भाषेत दोघींनाही एकाच नावाने ओळखत. तेव्हा गोव्यातल्या एखाद्या जुन्या नोंदीतली ब्रीजिदा कोणत्या संतिणीच्या नावाने आहे, हा प्रश्न अगदीच पोकळ नाही. एकदा एका गृहस्थाने आपल्या पणजीच्या बाप्तिस्म्याची नोंद वाचून घेताना मला तो सरळ विचारलाच. लंडनला राहणाऱ्या त्यांच्या नातीला आपल्या मधल्या नावाचा उगम हवा होता.

उत्तर शोधायला नोंदीतली तारीख पाहावी लागते. या नोंदींत तारीख बहुधा आकड्यांत नसते. ती अक्षरांत लिहिलेली असते, 'माह अमुक, दिवस तमुक, साल एक हजार आठशे इतके' अशा थाटात, आणि तपकिरी पडलेल्या शाईत महिन्याचे नाव वाचण्यासाठी भिंग लावावे लागते. मूल ज्या संताच्या दिवशी किंवा त्याच्या आगेमागे जन्मले त्या संताचे नाव ठेवण्याची चाल होती. म्हणून जन्म जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी असेल तर कल आयरिश संतिणीकडे, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास असेल तर स्वीडिश संतिणीकडे, कारण जुन्या रोमन पंचांगात तिचा सण ८ ऑक्टोबरला होता. १९६९च्या सुधारणेत तो तिच्या मृत्युदिनी, २३ जुलैला, गेला. त्या गृहस्थांच्या नोंदीत महिना होता ऑक्टोबर. तरीही मी त्यांना ठामपणे काही लिहून दिले नाही, कारण गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पहिल्या मुलांना आजा-आजीची नावे ठेवण्याची रीतही तितकीच जबर आहे, आणि मादीन, म्हणजे धर्ममाता, जी असेल तिचे नाव मुलीला देण्याचीही. नोंदीत धर्ममातेचे नाव असते, ते नेहमी वाचावे. या नोंदीत ते फ्रान्सिस्का होते, त्यामुळे एक शक्यता बाद झाली. आजीचे नाव मात्र पानाच्या कडेला कसरीने खाल्ले होते.

स्वीडिश संतिणीचा गोव्याशी आणखी एक धागा प्रार्थनेचा आहे. तिच्या नावावर पंधरा प्रार्थनांचा एक संच जगभर म्हटला जातो; जुन्या ख्रिस्ती घरांत तो छोट्या चोपडीच्या रूपात पाहायला मिळतो. त्या प्रार्थना वर्षभर म्हटल्यास अमुक इतके आत्मे सुटतील अशा हमीही काही चोपड्यांत छापलेल्या असतात. या हम्यांना आधार नाही असा इशारा व्हॅटिकनने १९५४ सालीच दिला, आणि मूळ प्रार्थनाही तिच्या हातच्या नसाव्यात असे अभ्यासकांचे मत आहे. भाविकांना याने फरक पडत नाही आणि पडावा असा माझा आग्रहही नाही. तिचा पंथ मात्र खराखुरा भारतात आला. एलिसाबेथ हेसेल्ब्लाद (१८७०–१९५७) या स्वीडिश बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये त्याचे पुनरुज्जीवन केले आणि त्यांच्या हयातीतच त्याची शाखा केरळात निघाली. डोक्यावरच्या काळ्या ओढणीवर पांढरा पट्टा आणि त्यावर पाच लाल ठिपके, हा या जोगिणींचा वेश एकदा पाहिला की विसरत नाही. पाच ठिपके म्हणजे येशूच्या पाच जखमा.

राहता राहिले ब्रागांझा हे गोव्यातले आडनाव. पोर्तुगालच्या ईशान्येला ब्रागांसा नावाचे डोंगराळ गाव आहे. १६४० पासून १९१० पर्यंत पोर्तुगालवर राज्य करणारे राजघराणे त्याच गावाच्या नावाने ओळखले जाते. या गावाचे जुने नाव ब्रिगान्तिया होते असे मानतात, म्हणजे पुन्हा तोच धातू, तेच उंचावरचे ठिकाण. हे नाव आडनाव होऊन गोव्यात आले आणि चांदोरच्या वाड्यापासून पणजीतल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेपर्यंत सर्वत्र रुळले. त्या संस्थेला ज्यांचे नाव दिले आहे ते लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) हे पोर्तुगीज सत्तेवर परखड लिहिणारे पत्रकार. संस्थेच्या प्रवेशदालनातल्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजू फरशा पाहायला येणारे पर्यटक बाहेर पाटीवरचे नाव वाचून पुढे जातात, मीही इतकी वर्षे तशीच जात होते. आणि एखाद्या जुन्या नोंदीत ब्रीजिदा ब्रागांझा अशी बाई निघाली, तर तिच्या नावात आणि आडनावात तीच 'उंच असलेली' दोनदा आली असे म्हणावे लागेल. अशी नोंद मात्र अजून माझ्या मेजावर आलेली नाही.